सिंधुबाईंची पाठ

सुवर्णाच्या योगवर्गात सिंधुबाई म्हणजे मिरवायची गोष्ट होती. वय अठ्ठावन्न. पहाटे मखमलाबादच्या शेतात झेंडू तोडायचा, मग मुलगा रविराज टेम्पोतून फुलबाजारात निघाला की त्याच्याबरोबर पंचवटीतल्या मंदिराच्या हॉलवर उतरायचं, सुनेचा जुना पंजाबी ड्रेस घालून. "घरात मी आई, सासू, आजी. हितं एक तास मी कुणाची कुणीच नाय," असं त्या म्हणायच्या.

"बघा, जन्म वाकून फुलं तोडण्यात गेला, म्हणून ही कंबर!" सुवर्णा बाकीच्यांना सांगायची. बँकेतल्या, शाळेतल्या बायका माना डोलवायच्या आणि सिंधुबाई ओढणीत तोंड लपवून हसायच्या.

त्या मंगळवारी कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. सिंधुबाई पाय लांब करून पुढे वाकल्या होत्या. कपाळ गुडघ्यापासून चार बोटं वर राहिलं होतं. चार बोटं! तेवढ्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? पण सुवर्णाने मागून दोन्ही तळहात त्यांच्या पाठीवर ठेवले आणि भार दिला. कपाळ टेकलं, टाळ्या पडल्या. सिंधुबाईंचं "आई गं" त्या टाळ्यांत बुडालं. सुवर्णाच्या तळहातांना मात्र कळलं, आत काहीतरी निसटलं होतं.

"छान! आज थोडं दुखेल, उद्या मोकळं वाटेल," ती म्हणाली.

हेच वाक्य बारा वर्षांपूर्वी तिच्या गुरुजींनी तिला ऐकवलं होतं, पद्मासनात तिचा गुडघा खाली दाबताना. गुडघा कायमचा गेला. गुरुजींचं नाव खराब व्हायला नको म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं, स्कूटरवरून पडले. त्या दुखण्यातून शहाणपण घ्यायचं सोडून सुवर्णाबाईंनी दाबायची रीत तेवढी उचलली.

सिंधुबाई दहा दिवस आल्या नाहीत. सुवर्णा रोज फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. तिला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

अकराव्या दिवशी वर्ग सुटल्यावर रविराज आईला दंडाला धरून घेऊन आला. सिंधुबाई डावा पाय ओढत होत्या.

"बांधावरून पडली, मॅडम. पायाला मुंग्या येतात, खाली बसता येत नाय. डॉक्टर म्हणे मणक्यातली गादी सरकली. पण तुमच्या हाताला गुण हाय. तुम्हीच जरा दाबून-बिबून बघा ना."

रविराजच्या खांद्याआडून सिंधुबाई तिला मानेनेच सांगत होत्या, नको. रविराजला खरं कळलं तर सिंधुबाईंचा हा एक तास गेलाच, हे दोघींनाही ठाऊक होतं.

गप्प बसणं सुवर्णाला अवघड नव्हतं, बारा वर्षांचा सराव होता. पण आज ती गप्प बसली, तर हा भाबडा माणूस उद्या दुसऱ्या कुणाकडून तरी आईची पाठ दाबून घेणार.

"रविराजभाऊ, त्या पडल्या नाहीत. मी दाबलं त्यांना, जोरात. आता कुणालाही त्या पाठीला हात लावू देऊ नका."

रविराजने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "आन आम्ही घरात तुमचं कौतुक करत होतो! झाला तुझा योगा, आई. चल." टेम्पो दारापाशी आणायला तो तरातरा निघून गेला.

"मावशी, मला माफ करा," सुवर्णा म्हणाली. "पण खरं सांगणं भाग होतं."

"भाग व्हतं ना? मग दहा दिवसांत मला एक फोन करायचा." सिंधुबाईंनी भिंतीचा आधार घेतला. "मी सांगितलं असतं त्याला, माझ्या तोंडानं, माझ्या पद्धतीनं. समजावलं असतं. पाठ माझी हाय, मॅडम. दाबताना मला इचारलं नाय, आन आता बोलतानाबी नाय."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सिंधुबाई पायरीशी आल्या तसा सुवर्णाचा हात आपसूक पुढे झाला, पण तिने तो मध्येच थांबवला.

"धरू का?"

"नको," सिंधुबाई म्हणाल्या.

तीनच पायऱ्या होत्या. त्या उतरायला सिंधुबाईंना जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ सुवर्णाला तिथेच उभं राहून बघावं लागलं.