दोन दातांमधली फट

मी दातांवर बसवायची प्लेट बोलतेय. रंग गुलाबी आहे म्हणून मला गोड समजू नका. माझ्यात तारा आहेत, आणि मी ढकलण्यासाठीच जन्मले.

एका मुलीच्या दातांच्या पांढऱ्या साच्यावर मला घडवलं. कारागिराने पकडीने तार वाकवली, वर गुलाबी लगदा थापला आणि तो कडक झाल्यावर घासून गुळगुळीत केला. साच्यात समोरच्या दोन दातांमध्ये तांदळाचा दाणा सहज जाईल एवढी फट होती. ती बुजवायची, एवढंच माझं काम.

दवाखान्यात ती दहा वर्षांची मुलगी ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसली होती. डॉक्टरीणबाई तिच्या आईला म्हणाल्या, "खरं तर घाई नाही. या फटीने हिला काही त्रास नाही."

"मला होतो," आई म्हणाली. "बसवा तुम्ही."

मी बसले. संध्याकाळी मुलीने मला बेसिनमध्ये थुंकलं. मीही दिवसभर तिची जीभ सोलली होती, तेव्हा फिट्टंफाट. तिथून आमचं जे वाकडं आलं ते आलंच. ती मला कागदी रुमालात गुंडाळून टाकून द्यायला बघायची. मी तिला 'स' नीट म्हणू द्यायचे नाही. वर्गात ती धडा वाचायला उभी राहिली की पोरं खिदळायची. मला तिची दया आली नाही.

आई रोज सकाळी डबा भरता भरता दरडावायची, "तोंड उघड." मग बोटाने मला दाबून बघायची. मुलीच्या डोळ्यांकडे मात्र तिचं लक्ष नसायचं, नजर थेट फटीवर. एवढ्याशा फटीवर माणूस इतका डूख का धरतं, मला कळेना.

ते कळलं रविवारी. मुलगी रविवारी वडिलांकडे जाई. ते वेगळे राहत, घराखालीच मोटारसायकली दुरुस्त करत. दार उघडून ते हसले आणि मी चाटच पडले. तीच फट, त्याच जागी.

जेवताना मुलीने मला काढून ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"दात जवळ आणायची प्लेट. आईने लावलीय."

"कशाला?"

मुलगी घास चिवडत राहिली. "तुझ्यासारखे दात नकोत म्हणून. आई मावशीला फोनवर सांगत होती, रोज सकाळी त्याचंच तोंड बघावं लागतं."

बापाचं हसू मावळलं. त्याने मला उचललं, खाली गॅरेजात नेलं आणि पकडीत धरून माझी तार पिरगाळली. वर म्हणतो, "सांग आईला, मी मोडली."

मागोमाग जिना उतरून आलेल्या मुलीने मला त्याच्या हातातून हिसकावलं.

"माझ्या तोंडातली आहे ती," ती म्हणाली. "आई न विचारता घालते, तू न विचारता मोडतोस. भांडायचंय तर समोरासमोर भांडा. माझ्या तोंडात नको."

बापाने पकड खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी आईने मला डॉक्टरीणबाईंपुढे आपटलं. "बापाचे उद्योग. आता पक्की बसवा, काढताच येणार नाही अशी."

डॉक्टरीणबाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि खुर्चीकडे वळल्या. "तुला काय हवंय?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ती खुर्चीत सरळ बसली. "आत्ता काही नको. मोठी झाल्यावर फट नाही आवडली, तर माझी मी येईन."

"चालेल. तुझ्या मनाविरुद्ध मी काही बसवणार नाही," त्या म्हणाल्या.

लिफ्टमध्ये आई तोंड फिरवून म्हणाली, "त्याच्यासारखीच दिसणार तू जन्मभर."

"दिसतेच मी. तू फटीला बघत बसतेस. मला बघ ना कधीतरी."

लिफ्ट चालू असतानाही आईने बटण पुन्हा दाबलं.

आता मी मुलीच्या कपाटात, निळ्या डबीत पडून आहे. तिचं माझं अजूनही पटत नाही, पण डबी तिची आहे आणि ती कधी उघडायची ते तीच ठरवील. तिच्या आईबापांना मात्र आत्ताच सांगून ठेवते: माझ्या वाटेला जाऊ नका. तार वाकडी झालीय, टोक उघडं पडलंय, आणि मला अजून चावता येतं.