हाकेपलीकडचा आवाज

पुण्यात मराठी रॉक ऑपेरा ऐकायला माणसं तिकीट काढून येतील, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर शनिवार पेठेने त्याला चहासुद्धा विचारला नसता. योगेशने ते म्हटलं होतं, आणि त्याला खरोखरच कुणी चहा विचारला नव्हता. यवतमाळकडून इंजिनिअरिंगला आलेला हा किडकिडीत मुलगा गाणी लिहायचा ती वीस-वीस मिनिटांची, आणि ताल असा की ऐकणाऱ्याचा पाय हमखास चुकावा.

"कथा एकच, गाणी नऊ, मध्ये टाळ्या नाहीत," तो समजावून सांगायचा. "कीर्तनात आख्यान असतं ना, तसं. फक्त आपले बुवा अंतराळात आहेत."

त्याच्या अल्बमचं नाव 'हाकेपलीकडे'. त्यात एक प्रवासी पृथ्वीपासून इतका लांब जातो की परत येणं शक्यच नसतं. घरच्यांना करमत नाही, म्हणून ते एक यंत्र बांधतात. यंत्राने हाक मारली की प्रवाशाचा आवाज घरात येतो आणि गातो. पण आवाज काही फुकट येत नाही. दर हाकेला घरातल्या कुणाची तरी एक आठवण निघते आणि त्या आवाजात जाऊन बसते. आवाज भरत जातो, घर रितं होत जातं. शेवटी तो असा गातो की ऐकत राहावं, आणि ऐकणाऱ्यांना हा कोण गातोय हेच ठाऊक नसतं.

ही कल्पना त्याला सुचली ती माधवमुळे. माधव बँडचा ड्रमर, आणि त्याचे आजोबा एका संगीत नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचे. नायक मरून पडलेला असताना प्रेक्षकांनी 'वन्स मोअर'चा गजर केला, तेव्हा नायक उठला, पद पुन्हा गायला आणि पुन्हा रीतसर मेला, हा किस्सा माधव चवीने सांगे. सगळे हसत. योगेश हसला नव्हता. "दुसऱ्यांदा मरताना त्याला जास्त लागलं असेल का रे?" असं त्याने विचारलं होतं.

त्याने आपला आवाज सगळ्या गाण्यांसाठी आधीच रेकॉर्ड करून ठेवला. बाकीची वाद्यं सावकाश भरू, असं ठरलं. मग एका रविवारी तो ऑफिसच्या मित्रांबरोबर खडकवासल्याला गेला, पाय घसरला आणि पाण्यात गेला. त्याच्या आईला, दुर्गाबाईंना, ती बातमी द्यायला गेला तो आमोद. आमोद कीबोर्ड वाजवायचा आणि योगेशचा जिवलग होता. दुसऱ्या कुणाची जायची छाती झाली नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमोद विश्रांतवाडीला जात असे. दुर्गाबाई तिथे मुलीकडे, भाग्यश्रीकडे राहायच्या. पोहे व्हायचे आणि मग योगेशच्या गोष्टी. तो कापसाच्या गंजीत लपून झोपला आणि सगळं गाव त्याला विहिरीत शोधत बसलं. तो शाळेत जाताना खिशात भाजलेले हरभरे न्यायचा. त्याच त्या गोष्टी, तेच शब्द. आमोदला त्या पाठ होत्या, तरी तो दर वेळी पुढे काय झालं म्हणून विचारायचा. योगेशबद्दल बोलायला आता त्याला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

काही वर्षं अशीच गेली, आणि यंदा एकदाचा अल्बम रंगमंचावर आणायचा असं ठरलं. स्टेजच्या मधोमध रिकामा माइक राहील, योगेशचा आवाज कॉम्प्युटरवरून येईल, भोवती बाकीचे वाजवतील. बायकांच्या भूमिका गायला स्वराली आली. ती बँडमध्ये नवी होती. योगेशला तिने पाहिलेलंही नव्हतं. तालमी माधवच्या दुकानामागच्या गोदामात, रविवारी दुपारी.

अडचण एकच होती, नववा ट्रॅक. त्यात गाणंच नव्हतं. योगेश एवढंच बोलला होता: "यानंतर कुणी काही वाजवायचं नाही. हात काढा." पुढे नुसती शांतता. ते गाणं रचायचं राहून गेलं आणि हे बोलणं म्हणजे रेकॉर्डिंग थांबवायची त्याची आपली खूण, असं सगळ्यांनी धरलं. आमोदने त्या जागी स्वरालीसाठी एक झकास समारोपाचं गाणं बांधलं. दुसऱ्याच्या कामातली मोकळी जागा दिसली की आपल्याला राहवत नाही, त्यातलाच प्रकार.

तालमी सुरू झाल्या, आणि आवाज पहिल्याच दिवशी अंगावर आला. आमोदचे डोळे भरले. "पुन्हा घेऊ," तो म्हणाला. पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा घेतलं.

पुढच्या तालमीत चौथ्या गाण्याच्या मध्यावर योगेश गायला, 'पांढऱ्या ढिगात लपलो, तुम्ही पाण्यात शोधता'. चाल तीच, ताल तोच, आणि मात्रेला चपखल बसलेली ओळ. स्वरालीने हेडफोन काढले.

"आमोददादा, ही ओळ नवीन घातलीत का? मागच्या वेळी इथे नुसता आलाप होता."

"मेलेला माणूस नवीन ओळ कशी घालेल?" माधव म्हणाला. पण त्याच्या हातातली काठी थांबली होती. आमोदने फाइल उघडून पाहिली. तारीख जुनीच, लांबीही तेवढीच. त्याने ते गाणं मागे नेऊन परत लावलं. ओळ तिथेच होती आणि या वेळी जरा जास्तच स्पष्ट.

दुसऱ्या रविवारी विश्रांतवाडीला पोहे खाताना आमोदने मुद्दाम विषय काढला. "काकू, ती कापसाच्या गंजीची गोष्ट सांगा ना."

दुर्गाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "कोनती गंजी?"

"योगेश लपला होता ती. गाव विहिरीत शोधत होतं."

"नाही बाबू. असं काही नाही झालं. झालं असतं तं मले याद नसती का?" त्या हसल्या. चेहरा शांत होता. भाग्यश्रीने आमोदला दाराशी गाठून हळूच सांगितलं, आई हल्ली विसरते, पण मोजकंच. दूधवाल्याचा खाडा, शेजारणीच्या नातवाचं नाव, सगळं लख्ख. डॉक्टरांना काही सापडलं नाही. "फक्त दादाचं विसरते," ती म्हणाली.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कॉम्प्युटर बंद केला असता. आमोद अडाणी नव्हता. त्या अल्बमची कथा त्याच्याइतकी कुणाला पाठ नव्हती. पण त्या दुपारी तालमीत योगेशने हरभऱ्यांची ओळ गायली, आणि खिशातून काढून दाणे खाताना तो जसा मध्येच थांबून हसायचा, तसा हसला. रेकॉर्डिंगमध्ये ते हसू कधीच नव्हतं. आमोदला भीती वाटली, हे खरं. त्याहून जास्त आनंद झाला, हेही खरंच. सगळे गेल्यावर त्याने एकट्याने ते गाणं पुन्हा लावलं, आणि ते संपल्यावर पुन्हा. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे प्रयोगाच्याच दिवशी सकाळी, विश्रांतवाडीच्या त्या घरात भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून दुर्गाबाईंनी विचारलं, "हा कोन होय रे? तुमच्यापैकी कोनी?" फोटोला हार होता. त्यांनी तो सकाळी स्वतःच्या हाताने बदलला होता, रोजची सवय म्हणून. त्यांच्या डोळ्यांत दुःखाचा मागमूस नव्हता. इतक्या वर्षांत त्या एवढ्या निवांत कधी दिसल्या नव्हत्या. आमोदने पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली.

तो तडक गोदामात आला. "प्रयोग रद्द करू," तो माधवला म्हणाला, आणि सगळं सांगितलं. माधवने थट्टा केली नाही. ड्रमच्या कातड्यावर बोट फिरवत त्याने विचारलं,

"गेलेलं परत कसं येतं, ते आहे का त्याच्या कथेत?"

"नाही. शेवटचं गाणं लिहायचंच राहिलं ना."

"राहिलं, असं आपण म्हणतो," माधव म्हणाला. "योग्याने आयुष्यात एक तरी गोष्ट अर्धी सोडल्याचं तुला आठवतं? ताटात शीत ठेवत नव्हता तो."

आमोदला ते शब्द पुन्हा आठवले. यानंतर कुणी काही वाजवायचं नाही. हात काढा. नववं गाणं राहिलं नव्हतं. ते तेवढंच होतं. घरच्यांनी हाक मारणं थांबवायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. आवाज गेला की त्यात बसलेलं ज्याचं त्याला परत. पण मग आवाज उरणार नाही, हेही ओघानेच आलं.

"आत्ताच करू," माधव म्हणाला. आमोदने लगेच तो ट्रॅक लावला. योगेश बोलला, शांतता सुरू झाली, आणि काहीच झालं नाही. भाग्यश्रीला फोन केला. आईला फोटोतला माणूस अजून परकाच होता.

"काकूंनाच ऐकू आलं पाहिजे," आमोद म्हणाला. "त्यांच्यातून गेलंय ते. कथेतही घरचे समोर बसलेले असतात. आणि हात काढायचे तर आधी आठही गाणी सगळ्यांनी मिळून वाजवलेली हवीत." भाग्यश्रीने सांगितलं की आईला घराबाहेर काढायचं म्हणजे दहा विनवण्या, पण प्रयोगाला ती येते म्हणाली आहे, तेवढं तिने धरून ठेवलंय. मग प्रयोग होणंच भाग होतं. आठ गाणी वाजवायची, आणि नववं वाजवायचं नाही.

संध्याकाळी नाट्यगृह चांगलं भरलं. दुर्गाबाई पहिल्या रांगेत, शेजारी भाग्यश्री. आमोदने ठरवून त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाणी एकामागून एक झाली, आणि असा आवाज त्या सभागृहाने ऐकला नसेल. रिकाम्या माइकपाशी कुणी उभं नव्हतं, तरी प्रेक्षक तिकडेच बघत होते. सहाव्या गाण्यात माइकची दांडी जरा खाली झाली. योगेश बुटका होता, तो नेहमी ती खाली घ्यायचा. स्वरालीने ते पाहिलं आणि डोळे मिटून गात राहिली. आठव्या गाण्यात त्या आवाजात चूल होती, आईच्या हाताला येणारा राखेचा वास होता, आणि फक्त आईच ज्या नावाने हाक मारायची ते नावही होतं.

गाणं संपलं. मध्ये टाळ्या नाहीत म्हणून बजावलं होतं, पण पुण्याचा प्रेक्षक. कुणी बजावलेलं त्याने कधी ऐकलंय? मागून आरोळी आली, "वन्स मोअर." मग दुसरी, मग सगळं सभागृह. त्या गोंगाटातही पहिल्या रांगेतला आवाज आमोदला ऐकू आला. दुर्गाबाई उभ्या होत्या, चेहरा कौतुकाने फुललेला.

"किती गोड गाते हा पोरगा. कोनाचा होय, बाबू? पुन्हा म्हनाले लाव न त्याले."

भाग्यश्रीने तोंडावर पदर धरला. आमोदचं बोट कॉम्प्युटरच्या बटणावर होतं. एकदा लावलं असतं तर म्हातारी खूश, प्रेक्षक खूश, आणि योगेश आणखी थोडा जवळ. मग तिच्याकडे त्याचं काहीच उरलं नसतं, आणि तिला त्याचं काही वाटलंही नसतं. ते मात्र आमोदला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याने नववा ट्रॅक लावला.

"यानंतर कुणी काही वाजवायचं नाही," योगेश शांतपणे म्हणाला. "हात काढा."

आमोदने हात काढले. माधवने काठ्या खाली ठेवल्या. आधी कुजबुज झाली, मागून कुणीतरी "लाइट गेली का?" असं विचारलं, मग तेही थांबलं. शांतता लांबत गेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या नागमोडी रेषा दिसत होत्या, आठ गाण्यांच्या आठ. त्या एकेक करून बारीक होऊ लागल्या आणि सपाट झाल्या. आमोदने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. माइकची दांडी कुणी न हलवता वर सरकली. सभागृहात कुणी खोकलं नाही.

दुर्गाबाई अजून उभ्याच होत्या. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी रिकाम्या माइककडे पाहिलं, मग भाग्यश्रीकडे, मग आमोदकडे. खुर्चीचा हात चाचपत त्या खाली बसल्या.

आमोद स्टेजवरून उतरून त्यांच्यापाशी गेला आणि जमिनीवर बसला.

"कापसाच्या गंजीत लपला होता," त्या म्हणाल्या. "अन् आम्ही येड्यासारखे विहिरीत पाहत होतो." मग त्यांनी आमोदचं मनगट धरलं. "तूच आला होता न रे, खडकवासल्याचं सांगाले. मी तुले पानीबी नाही विचारलं त्या दिवशी."

"हो काकू," आमोद म्हणाला. पहिल्यांदाही तोच आला होता आणि आजही ही बातमी त्यानेच आणली होती. दुर्गाबाई पहिल्या दिवशी रडल्या होत्या तशाच रडल्या. भाग्यश्रीने त्यांना धरून ठेवलं. लोक पायांचा आवाज न करता बाहेर गेले.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि स्टेजकडे पाहिलं.

"मघाशी तोच गात होता न? मले समजलंच नाही." त्यांनी पदर नीट केला आणि सावरून बसल्या. "आता लाव न बाबू, एक डाव. आता मी वळखतो त्याले."

आमोदने वर पाहिलं. पडद्यावर आठ सपाट रेषा होत्या. दुर्गाबाई वाट पाहत बसल्या होत्या.