आकडा नसलेला नवा पैसा

पैसा खरा निघाला तर रामाजीला चारशे रुपये मिळणार होते. त्यातले तीनशे ऑपरेशनसाठी डोळ्याच्या डॉक्टरचे, उरलेल्यात बायकोचा, गोपिकेचा, चष्मा आणि औषधं. तिचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात पिकून फुटायला आलेला मोतीबिंदू. सरकारी दवाखान्यात नंबर लागला तो पुढच्या उन्हाळ्याचा, आणि डॉक्टर म्हणत होता, तोवर डोळा थांबणार नाही. एवढा हिशेब बांधून रामाजी सदर बाजारातल्या नत्थूजींच्या दुकानात बसला होता आणि नत्थूजी डोळ्याला भिंग लावून गप्प होते.

जुन्या नाण्यांचा व्यापारी गप्प बसला की समजावं, भाव पाडायला बसलाय. रामाजी तेच समजला. लकडगंजातल्या लाकूड चिरायच्या आरा मशिनीवर तो हजेरी कारकून. गप्प बसून मजुरी कापणारे मालक त्याने जन्मभर पाहिलेले.

"आला कुठून?"

"अठ्ठावन सालच्या पगारात. बँकेची कोरी थैली माह्यासमोर फोडली. सारे पैसे लखलखीत, अन् याच्यावर मधला आकडाच नाही! टांकसाळीचीच चूक हाये, नत्थूजी."

"असन बी. ठशात तेल-कचरा भरला की आकडा उठत नाही. पण मंग त्या जागी धातूची मूळ साय, वरची कोरी कातडी, राह्यते, बाजूची अक्षरं करकरीत राह्यते. झिजलेल्या पैशाचं सारंच गुळगुळीत. अन् तुमचा पाहा, सिंहाचे तोंडं बी गेले. लय फिरला का हा बाजारात?"

"एक दिवस बी नाही! तवापासून देवघरात हाये. दर लक्ष्मीपूजनाले माही बायको चिंच अन् राख लावून घासते. सोन्यावानी करते."

नत्थूजींनी भिंग खाली ठेवलं.

"घासून घासून साक्षीदारच मारून टाकला गा तिनं."

"मी देतो ना साक्ष."

"तुमच्या साक्षीवर कोणतं गिऱ्हाईक चारशे मोजन? मी खोटा नाही म्हणून राहिलो, रामाजी. खरा हाये हे दाखवता येत नाही, एवढंच. चहा घ्या."

रामाजीने चहा घेतला. साखर कमी होती, एवढं त्याला कळलं. बाकी काही कळत नव्हतं. पैसा खिशात टाकून तो पायीच निघाला.

गोपिका ओट्यावर बसली होती. पावलांवरून तिने ओळखलं.

"काय म्हणे तो?"

"झिजलेला हाये म्हणे."

"बह्याड हाये तो! एवढा चमकते अन् झिजलेला? बरं झालं मी सकाळीच पुन्हा घासून देला. नाहीतर त्यानं हातात बी नसता घेतला."

"हो ना," रामाजी म्हणाला.

"अवो, नाराज नोका होऊ. उलटंसुलटं बोलला का तुमाले?"

"नाही वं. चहा पाजला."

डोळा उन्हाळ्यापर्यंत थांबला नाही. या व्यवहारात नत्थूजींचा एक कप चहा गेला, डॉक्टरचं एक गिऱ्हाईक गेलं, रामाजीची एका दिवसाची हजेरी बुडाली. बाकी सगळं गोपिकेनं भरलं, आणि कशापायी भरलं, हे तिला कोणी सांगितलं नाही.