अजून काही?

अतिदक्षता विभागात सगळे तिला सिस्टर म्हणत आणि तिच्या नवऱ्याला ब्रदर. या नात्याची थट्टा करून करून विभाग आता दमला होता.

आठवडाभर दोघांचा अबोला चालू होता. तिच्या आईला कायमचं राहायला आणायचं की नाही, एवढंच कारण. घरी अबोला पाळणं सोपं होतं. तो रात्रपाळीहून पोचायचा तेव्हा ही कामावर असायची. पंचाईत व्हायची ती सकाळी ओव्हर देताना. जाणाऱ्याने रुग्णाची सगळी हकीकत सांगायची, येणाऱ्याने ती म्हणून दाखवायची आणि शेवटी विचारायचं, "अजून काही?"

आज त्याने तीन नंबरच्या आजींची ओव्हर मॉनिटरला दिली. ताप, लघवी, ऑक्सिजन, सगळं घडाघडा. तिने ती सलाइनच्या बाटलीकडे बघत घेतली. म्हणून दाखवलं नाही, आणि "अजून काही?" तर मुळीच विचारलं नाही. आधी तोंड उघडेल तो हरला! माणसाला स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही? दोघंही जिंकले आणि तो तरातरा निघून गेला.

आजींच्या अँटिबायोटिकची वेळ झाली. सिस्टरने सिरिंज भरली. खिशातला फोन थरथरला. नवरा! आला एकदाचा ताळ्यावर. तिने फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. माफी मागायची तर घरी मागावी, सावकाश, साग्रसंगीत. ती सिरिंज नळीला लावणार, तोच ब्रदर बुटांसकट आत धावत आला आणि त्याने तिचा हात धरला.

"देऊ नकोस! पहाटे याच औषधाने त्यांचा घसा सुजला. डॉक्टरांनी फोनवर बंद करायला सांगितलंय, कागदावर लिहायचं राहिलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं कुठे?"

तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. आपल्या हट्टापायी आजींचा जीव गेला असता. तिला स्वतःची शरम वाटली. तोही पांढराफटक पडला होता.

"पुन्हा दे ओव्हर. पहिल्यापासून."

त्याने तिच्याकडे बघत दिली. तिने शब्दन् शब्द म्हणून दाखवला. मग विचारलं, "अजून काही?"

"तुझ्या आईला घेऊन ये."

हे मात्र तिला म्हणून दाखवता येईना.

पलंगावरून आजींनी मास्क बाजूला सारला. "आईला आणायचं," त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "झालं ना तुमचं? आता माझ्याकडे बघा कुणीतरी."