कंकणनाथ आणि दोन-चारचा हात

सरपंचांच्या सावित्रीबाईंचा हात चांगला भरलेला, गुबगुबीत. त्या हातात महाराजांचं पितळी कंकण असं सुळकन गेलं की मारुतीच्या देवळात जमलेलं अख्खं गाव हात जोडून उभं राहिलं. मग सावळीरामची नवी सून मीना पुढं आली. पोरीचा हात काडीसारखा. तेच कंकण तिच्या अंगठ्यापाशी अडकलं ते अडकलंच.

"बघितलंत?" कंकणनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले. "कंकण हात बघत नाही, मन बघतं. हिच्या पावलाबरोबर दोष आलाय घरात. म्हणून चाळीत साठवलेला कांदा सडला."

गर्दी कुजबुजली. मीनाची सासू कुसाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मी झुंबरबाई, चांदवडची कासारीण. तीस वर्षं डोक्यावर पेटी घेऊन ह्या गावांतून बांगड्या भरत फिरले. बांगडीचं माप तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. दोन-चार म्हणजे बारीक हात, दोन-सहा मध्यम, दोन-आठ म्हणजे भरलेला. हे शहाण्णव सालचं, नवरात्राच्या तिसऱ्या माळेचं सांगते. त्या दिवशी माझी पेटी उघडायला गावात एक बाई घरी सापडली नाही, म्हणून मीही देवळात आले. ते कंकण मी लांबूनच जोखलं होतं. दोन-सहा. मीनाला श्रावणात मीच बांगड्या भरल्या होत्या, तिचा हात दोन-चारचा. तिच्या हातातून ते खाली घरंगळायला हवं होतं. दोन-आठवाल्या सावित्रीबाईंना मात्र ते जायला नको होतं. माझं डोकं फिरलं.

महाराजांचं सुरूच होतं. "उपाय आहे. हिच्या अंगावरचं सोनं दोषाचं. ते आम्ही स्वहस्ते रामकुंडात सोडू. आणि हिनं वर्षभर ह्या घरात पाऊल ठेवायचं नाही."

"उद्याच धाडते," कुसाबाई म्हणाली. "सोमनाथ, देवळ्याला हिच्या माहेरी फोन लाव. तिच्या भावाला म्हणावं, घेऊन जा."

सोमनाथ म्हणजे मीनाचा नवरा. तो मान खाली घालून चपलेनं फरशी खरवडत होता. मीना एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा सासऱ्याकडं. सावळीराम खांबाला टेकून बसला होता आणि सारखा उपरण्यानं तोंड पुसत होता. पाच महिन्यांत पोरगी परत धाडली तर देवळ्यात तिच्याबद्दल काय काय बोललं जाईल, ते मला माहीत होतं. बांगड्या भरताना बायका सगळं बोलतात.

माझी परतीची एसटी पाचची. साडेचार होऊन गेले होते. मी देवळाबाहेर गेले, परत आत आले, पुन्हा बाहेर गेले. पाय एका जागी ठरेना. मनात म्हटलं, झुंबरे, तुला काय करायचंय, तू आपली जा. पण पेटी काही उचलवेना. शेवटी पेटी सरकवत, गर्दीतून वाट काढत मी पार पुढं जाऊन बसले आणि महाराजांकडं नाही, त्यांच्या हातांकडं बघायला लागले.

दोन बायका झाल्या, तीन झाल्या, आणि मला हसूच फुटलं.

जिला कंकण जाऊ द्यायचं तिच्या हातावर चेला कोरडा अंगारा चोळायचा आणि महाराज म्हणायचे, "बोटं मिटून घे माउली, नमस्काराला जोडतो तशी." मग तिच्या अंगठ्याचं बूड आत दाबून कंकण सरकवायचे. जिला जाऊ द्यायचं नाही तिच्या हातावर चेला आधी तीर्थ ओतायचा. तिला महाराज म्हणायचे, "देवापुढं पंजा ताठ उघड. काही लपवू नकोस." पंजा ताठ उघडला की अंगठा बाहेर येतो, आणि अंगठा बाहेर असला तर परातीएवढी बांगडी सोडून कुठलीच आत जात नाही. हे कासाराच्या घरात चार वर्षांच्या पोरीलाही कळतं.

मी उठले. "महाराज, माझा हात बघा."

"ये माउली. मनात काय पाप आहे?"

"मनात कशाला, हातातच घेते की." मी त्यांच्या पुढ्यातला नारळ उचलला आणि पदराखाली घातला. "हा मी चोरला, सगळ्या गावादेखत. माझा हात दोन-आठ, वर कामानं राठ झालेला. आता तुमचं कंकण मला जाऊ नये. बरोबर?"

"चोराला कंकण जात नाही," महाराज जरा सावरून बसले. "पण ही थट्टा नव्हे."

"थट्टा नाहीच." मी पेटीतून दुधाची रिकामी पिशवी काढली, धुऊन ठेवलेली. ती हातावर चढवली, अंगठा आत दुमडला आणि वरून महाराजांच्या पुढ्यातलं कंकण सरकवलं. गेलं. मग पिशवी खालून ओढून काढली. कंकण मनगटात आणि नारळ पदराखाली.



"बायांनो, हे मी रोज करते," मी म्हटलं. "म्हाताऱ्या बायांचे हात सुजलेले असतात. त्यांना दुखू नये म्हणून पिशवी घालते. आधी साबण लावत होते. ह्यात देव कुठं आला?"

"ही बाई कंकणाचा अपमान करतेय," चेला पुढं आला.

"तू थांब रे." मी त्याच्या तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं, अंगारा चिमटीत चोळून बघितला. "तुरटी हाय ही. हात चरचरीत होतो, बांगडी सरकत नाय. अन् ह्या अंगाऱ्यात कॅरमची पावडर मिसळलीय. कुणाला पटत नसेल त्यानं पोरांच्या बोर्डावर टाकून बघावं."

मग मी मीनाला बोलावलं. तिला उठवेना, हात धरून आणली. घागरीतल्या साध्या पाण्यानं तिचा हात धुतला, पुसला आणि म्हटलं, "पोरी, अंगठा आत घे." कंकण घरंगळत कोपराकडं निघालं.

"आता तुम्ही या, सावित्रीबाई."

"मी कशाला?" सरपंचीणबाई म्हणाल्या, पण आल्या. मी म्हटलं, पंजा ताठ उघडा, देवापुढं काही लपवू नका. त्यांनी बोटं फाकवली. मी कंकण दाबलं, ते अंगठ्याला अडकून बसलं.

"नाय जात," मी म्हटलं. "मग आता सरपंचीणबाईंना माहेरी धाडायचं का?"

आधी मागं कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं देऊळ हसलं. सावित्रीबाई हसल्या नाहीत. त्यांनी कंकण महाराजांच्या पुढ्यात आपटलं आणि म्हणाल्या, "उठा. मुकाट्यानं उठा."

महाराजांनी झोळी आवरली. मी विचारलं, "खरं सांगा, मूळचे कासारच ना? अंगठा दाबायची सफाई चांगली हाय. दुकान टाकलं असतं तर पोट भरलं असतं." ते झोळी काखेत मारून पायऱ्या उतरले. चेला तर आधीच सटकला होता.

वाटलं, झालं. पण कुसाबाई काही उठेना. "महाराज खोटा निघाला, मान्य," ती म्हणाली. "पण कांदा तर सडलाच ना? ही यायच्या आधी कधी सडला नव्हता."

लोक माना डोलवायला लागले. मीनाचा चेहरा पुन्हा उतरला. आणि मला वैशाख आठवला. सोमनाथच्या लग्नाआधी घरातल्या बायकांना बांगड्या भरायला मी ह्यांच्याच अंगणात बसले होते. गडी माझ्या शेजारून कांद्याच्या पाट्या चाळीत नेत होते. बसायला जागा नव्हती म्हणून मी कापलेल्या पातीवरच बसले, आणि लुगड्याला हिरवे डाग पडले.

"सावळीरामभाऊ," मी म्हटलं, "वैशाखात माझं लुगडं हिरवं झालं होतं. पात वाळली नव्हती. ओल्या मानेचा कांदा सडणारच, तो चाळीत भरायची एवढी घाई कशाची होती?"

सावळीरामनं उपरणं तोंडाला लावलं.

"मांडवाची," तो म्हणाला. "मांडवाला अंगण मोकळं पायजे होतं. पंधरा दिवस तरी वाळायला पायजे होता, ठावं होतं मला. म्हटलं, निभंल."

"आन् पाच महिने तुम्ही बोलला नाय?" कुसाबाईनं विचारलं.

"काय बोलू? माझ्या हातानं सडला म्हणू? तिच्यावर गेलं, मी जाऊ दिलं."

मीना त्याच्यासमोर उभी राहिली. "मामा, मघाशी मी तुमच्याकडं चार वेळा बघितलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. सावळीरामला मान वर करता आली नाही, सोमनाथलाही नाही. कुसाबाई मात्र उठली, सुनेजवळ गेली आणि तिचं मनगट नुसतं धरून उभी राहिली. बराच वेळ सोडलं नाही.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी गेली. मी पेटीवर बसून राहिले. पाय आता कुठं शांत झाले होते.

त्या देवळात शिकलेली माणसं कमी नव्हती. पण कंकण का अडकलं हे एकानंही विचारलं नाही, कारण न विचारण्यात सगळ्यांची सोय होती. सासूला दोष ठेवायला सून मिळाली, सासऱ्याला लपायला महाराज मिळाला. बुवा बाहेरून येतो खरा, पण त्याला बसायला पाट आपणच मांडतो. तेव्हा पुढं कुणी चमत्कार दाखवला तर हात खुशाल जोडा, मी अडवणार नाही. फक्त जोडायच्या आधी अंगठा कुठं आहे ते बघा. त्याचाही, आणि आपलाही.