ताईचा व्हरांडा

"मास्तर, तुम्ही बाहेर थांबायचं," वकीलबाई म्हणाल्या. "आणि बाहेर म्हणजे दारात नव्हे."

मास्तर सभागृहाच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असे उभे होते. शिवणकाम हा त्यांचा धंदा. नगरसेवक ते अलीकडेच झाले होते, तेही गल्लीने धरून-बांधून उभं केलं म्हणून. आज त्याच गल्लीच्या रुंदीकरणाचा ठराव होता आणि पहिला घाव पडणार होता तो त्यांच्या थोरल्या बहिणीच्या व्हरांड्यावर.

"अहो, मी मत देणारच नाही," मास्तर म्हणाले. "आपला गप्प खुर्चीत बसतो. तोंडाला कुलूप!"

"तोंडाला लावाल हो, चेहऱ्याला कसं लावणार?" वकीलबाई पालिकेच्या कायदा सल्लागार होत्या, त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीच्या घराचा विषय आहे. सभेला तसं सांगायचं आणि विषय संपेपर्यंत नजरेआड व्हायचं. तुमच्याकडे बघून एकदोघांचे हात खाली राहतील, हे तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होतं. म्हणूनच तर खुर्ची सोडवत नव्हती.

"माझ्या बहिणीचं घर त्यात आहे," एवढं सभेला सांगून मास्तर जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसले. वकीलबाईंचा त्यांना मनस्वी राग आला होता. कायदा शिकलेल्या माणसाला बहीण नसते की काय!

मास्तरांना ताई होती आणि ताईशिवाय दुसरं कोणी नव्हतं. आई गेली तेव्हा मास्तर इतके लहान होते की आईचा चेहरा म्हणून त्यांना ताईचाच आठवायचा. ताईने व्हरांड्यात मशीन मांडलं आणि लोकांचे कपडे शिवून भावाला वाढवलं. स्वतःच्या लग्नाचं बघायचं राहूनच गेलं. मोठं कापड मापायचं झालं की ती हाक मारायची, "अरे, दुसरं टोक धर!" टेपचं ते टोक चिमटीत धरून बसणं ही मास्तरांची पहिली नोकरी. पुढे त्यांचं बाजारात दुकान झालं, पण ताई व्हरांड्यातून हलली नाही. तिथे उजेड होता आणि येणारी-जाणारी माणसं होती.

पण त्याच व्हरांड्याच्या कोपऱ्याला गेल्या वर्षी रुग्णवाहिका अडली होती. गल्लीतल्या घड्याळवाल्यांना झटका आला होता; त्यांना खुर्चीत बसवून उचलत नेलं, त्यात एक हात मास्तरांचाही होता. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. ते ओझं मास्तरांच्या खांद्यावरून अजून उतरलं नव्हतं.

शिपाई चहा घेऊन आला. "आत काय चाललंय, दाराला कान लावून सांगू का?"

"नको रे बाबा. बाई कानालाही कुलूप लावायला सांगतील."

ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. एका! मास्तरांना हिशेब मांडायची गरजच पडली नाही. ते नुसते खुर्चीत दिसले असते तरी पुरलं असतं.

संध्याकाळी ते ताईकडे गेले तेव्हा मशीन चालू होतं. पायरीवर बसून त्यांनी ठराव झाल्याचं खालमानेने सांगून टाकलं.

"तू आत होतास?" ताईने विचारलं.

"नव्हतो. जिन्याखाली बसलो होतो."

मशीन थांबलं.

"ताई, मी आत असतो तर व्हरांडा वाचला असता."

"वाचला असता. आणि मग? घड्याळवालीण रोज इथून जाते. तिच्याशी मी कोणत्या तोंडाने बोलले असते?" ताईने डोळ्यांना पदर लावला. "मला सकाळपासून धास्ती होती, की तू माझ्यापायी खुर्ची धरून बसशील. फार बरं केलंस बाबा. उपकार झाले तुझे."

उपकार! तेही ताईने म्हणायचं! मास्तरांना हुंदका आवरेना. रडता रडता त्यांना वकीलबाईंचा चष्मा आठवला आणि त्या बाईने आपल्याला केवढ्या गोष्टीतून वाचवलं, ते आता कुठे ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी पालिकेत जाऊन त्यांनी बाईंना हात जोडले. "कायद्यात आभाराची तरतूद नाही," बाई म्हणाल्या, पण त्यांनी चहा मागवला.

तोडकामाच्या दिवशी मास्तर सकाळीच पोचले. मशीन घरात, खिडकीशी गेलं होतं. व्हरांड्याच्या फरशीवर इंजिनिअरने मारलेली लाल रेघ होती, मजूर हातोडे घेऊन उभे होते आणि ताई खडू आणि टेप घेऊन त्यांना थांबवत होती.

मास्तर तिच्याजवळ गेले. "ताई, आता काही होणार नाही गं. चल आत."

"तू गप. ही रेघ फार बेताची आहे. गाडी वळताना कोपऱ्याला घासेल." ताईने लाल रेघेच्या आत, घराच्या बाजूला, खडूने खूण केली. "कापताना शिलाईपुरतं जास्त धरायला नको? मी देते आणखी चार बोटं."

मजूर एकमेकांकडे बघू लागले. ताई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली.

"बघतोस काय? दुसरं टोक धर."

मास्तर चपला काढून फरशीवर बसले आणि त्यांनी टेपचं टोक चिमटीत धरलं.