कडेच्या पट्टीतली माणसं

गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, आणि सुनेची सुट्टी म्हणजे कस्तुराबाईंच्या हुकमाचा दिवस. मिनल चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायची. सहा दिवस तिथल्या साहेबांचं ऐकायचं, सातव्या दिवशी सासूचं. त्या गुरुवारी चिखलीच्या घरात दुपारची भांडी आवरली तशी ती लॅपटॉप घेऊन पलंगावर बसली. शेजारी कस्तुराबाई, चष्मा लावून, फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ.

कस्तुराबाई गोधड्या शिवायच्या. साडीच्या गोधड्या घरोघरी असतात. यांच्या गोधड्या कंपन्यांच्या जुन्या युनिफॉर्मच्या. रिटायर झालेली माणसं आपले खाकी नाहीतर निळे शर्ट आणून द्यायची आणि कस्तुराबाई ते फाडून, जोडून, बारीक धावदोऱ्याने त्यांची गोधडी करायच्या. छातीवरचा खिसा मात्र तसाच ठेवायच्या. "तीस वर्सं त्यात पेन खोचलं मानसानं, आता चष्मा ठिवील," म्हणायच्या. त्या गोधड्यांचा ब्लॉग मिनलने आदल्या दिवशीच उघडला होता.

"बघा आई. वर तुमचं नाव, मधे गोधड्यांचे फोटो."

"आन् ह्ये कडेला कोन बसलंय?"

पानाच्या उजव्या पट्टीत पाच ओळी होत्या. कस्तुराबाईंची शाळा तिसरीतच सुटलेली. अक्षराला अक्षर लावत त्या वाचू लागल्या. "म-द-त. स-जा-व-ट. आन् ह्यो 'आमच्या बातम्या'? कुनाच्या बातम्या? मी न्हाई दिल्या."

मिनल हसली. "लिंका आहेत त्या. दाबलं की दुसरं पान उघडतं. ब्लॉग देणाऱ्या कंपनीने स्वतःच्याच पानांची नावं घालून ठेवलीत, नवख्या माणसाला अडलं तर विचारता यावं म्हणून. सगळ्यांच्या नव्या ब्लॉगवर हीच येतात."

"म्हंजे नव्या पातेल्याला चिकटवलेला कागद."

"अगदी तसंच. काढता येतात, पण राहू द्या ना. कोण वाचतंय?"

कस्तुराबाईंचा चेहरा उतरला. सून घाबरली, म्हणाली, "काय झालं?"

काय झालं ते कस्तुराबाईंनी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्ञानेशच्या, म्हणजे याच मिनलच्या नवऱ्याच्या लग्नाची पत्रिका. छापखानेवाल्याने कच्चा नमुना पुढे ठेवला आणि म्हणाला, मावशी, वाचून घ्या. दुकानात चार माणसं उभी. त्यांच्यासमोर अक्षर लावत बसायचं? कस्तुराबाईंनी गणपती बघितला, रंग बघितला, वरून खालपर्यंत मान फिरवली आणि दिमाखात म्हणाल्या, "झ्याक हाय. छापा."

पत्रिका वाटून झाल्यावर कळलं की खाली, जिथे घरच्या आत्याचं नाव हवं, तिथे छापखान्याच्या नमुन्यातलीच ओळ राहिली होती: 'समस्त आप्तेष्ट व मित्रपरिवार'. आत्या म्हणजे महाळुंग्याला दिलेली नणंद, यशोदाबाई. जिने कस्तुराबाईंना धावदोरा घालायला शिकवलं, ती. ती लग्नाला आली नाही आणि नंतर उंबऱ्यालाही आली नाही. लोक म्हणाले, कस्तुराने मुद्दाम गाळलं. कस्तुराबाईंनी ते म्हणू दिलं. वाचलं नाही असं सांगण्यापेक्षा मुद्दाम केलं हे बरं वाटलं त्यांना.

"काढ," त्या आता म्हणाल्या. "समदी काढ. मदत तेवढी ठिव, पर तळाला."

मिनलने यादी उघडली, मदत तळाला नेली आणि बाकीची एकेक ओळ पुसली. "आता वर जागा रिकामी राहिली. कुणाची घालू? ज्यांचं काम तुम्हाला आवडतं, त्यांची घालतात."

कस्तुराबाईंनी बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाल्या, "वन्संचं काय पान हाय म्हनं."

मिनलने शोधलं. यशोदाबाईंच्या लेकीने, विजयश्रीने, तीन वर्षांपूर्वी केलेलं पान निघालं. फोटोत कस्तुराबाईंच्या ओळखीची जुनी, नऊ चौकोनी घरांची गोधडी, टाके मुंगीच्या रांगेसारखे. कस्तुराबाईंनी बोट स्क्रीनवर टेकवून टाके मोजले, आणि मग बोट उजवीकडे सरकलं.

"मदत. सजावट. आमच्या बातम्या." त्या ओरडल्या, "अगं, वन्संच्या दारातबी हीच बसल्यात! तीन वर्सं! कुनी सांगितलंच न्हाई त्यांना. लाव फोन."

"मी बोलू?"

"तू कशाला? माज्या नणंदंशी मी बोलंन."

फोन उचलला गेला. पलीकडून "कोण?" आलं.

"मी कस्तुरा. तुमच्या पानावर कडेला परकी मानसं बसल्यात. ती आपली आपन येत्यात, आपन काढायची असत्यात. काढली न्हाई तर आपल्या मानसाला जागा उरत न्हाई."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "अकरा वर्षांनी एवढंच सांगायला फोन केलास?"

कस्तुराबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती, पण कान इकडेच होते. असू देत.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पत्रिकेतबी तसंच झालतं वन्सं. छापखान्याची वळ राहिली. मी वाचलीच न्हाई. वाचल्यागत केलं."

"मला वाटलं, मुद्दाम."

"मुद्दाम करायचं असतं तर तोंडावर केलं असतं. मला कुनाचं भ्याव हाय?"

यशोदाबाईंना हसू फुटलं ते खोकल्यातच संपलं. "ते खरं. तोंड तुझं कधी मागं नव्हतं. मला गं काय कळतंय त्या पानातलं? विजयश्री बसवून गेली, मी नुसते फोटो बघते."

"मंग पुढच्या गुरुवारी या. मिनल काढून दील. पुरनपोळी करते."

"कटाची आमटी पातळ करतेस तू."

"घट करते, या तर खरं."

फोन ठेवून कस्तुराबाईंनी पदराने चष्मा पुसला. मिनलने पट्टीतल्या रिकाम्या जागेत यशोदाबाईंच्या पानाचा पत्ता टाकला होता, नावाच्या जागी कर्सर लुकलुकत होता.

"काय लिहू?"

"यशोदाबाई, महाळुंगे. पयल्या नंबराला. खाली लिही, धावदोरा यांनी शिकवला."

मिनलने टाइप केलं आणि बटणाकडे बोट नेलं.

"थांब," कस्तुराबाई म्हणाल्या. "आदी वाचू दे."

आणि सुनेच्या देखत, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "छाप."